पाकीट क्रमांक ४११७

एप्रिल उजाडला की पाकिटं येऊ लागतात,
कडक कागदाची, आतून मेण लावलेली,
प्रत्येकात दोन मुठी माती
आणि पेन्सिलीनं भरलेला फॉर्म.

लोर्ना व्होंड्राचेक एकतीस वर्षं ती फोडते आहे
कृषी इमारतीच्या तळघरात.
वाळवायची, कुटायची, चाळायची.
चाळणीखाली सगळी माती सारखीच, असं नवख्या पोरांना वाटतं.
लोर्ना मात्र बोटांनी सांगते :
ही नदीकाठची, ही टेकाडावरची,
आणि हिच्या शेजारी डुकरांचा गोठा आहे,
त्याला बोटही लागत नाही, नाक पुरे.

तिच्या डोक्यावर विद्यापीठ आहे. चार मजले,
मग पलीकडे अजून दीडशे इमारती.
पुलांचं गणित शिकणारी पोरं, कवायत करणारी पोरं,
दुग्धशाळेतल्या आइस्क्रीमसाठी उणे दहातही लागलेली रांग.
शनिवारी फुटबॉल असला
की गावाच्या दुप्पट माणसं गावात.
दारावरच्या पितळी पाटीवर लिहिलंय :
शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या लेकरांसाठी.
खोटं नाही ते.
लोर्नाचा बाप आला होता इथे एका हिवाळ्यात,
सहा आठवडे, मक्याचं बियाणं शिकायला.
तबेल्याच्या माळ्यावर झोपला,
आणि परतताना एक वही घेऊन गेला.
ती वही घरात बायबलच्या शेजारी असायची,
बायबलपेक्षा जास्त मळलेली.

दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, म्हणतात.
इथे तर एका गाईच्या पोटालाच खिडकी बसवली आहे.
शाळेची मुलं येतात, लांब हातमोजा घालून
आत हात घालतात. गरम, किंचाळतात, गरम आहे!
गाय चघळत राहते.
काय पचलं, काय नाही, सगळं दिसतं.

मागच्या शरदात ग्रंथालयानं जुनी खतावणी
काचेखाली मांडली होती.
लोर्ना गेली होती फुकटच्या कॉफीसाठी.
सेक्शन बावीस, एकशे साठ एकर,
सरकारकडून मिळाली. विकली.
समोर रक्कम, सुबक अक्षरात,
आणि त्यातून आलेल्या विटांची संख्या.
सरकारकडे कुठून आली,
त्याचा रकाना नव्हता.
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र :
पण ते ठेवणाऱ्याचा पुतळा आहे चौकात,
हलवायाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.
कॉफी पाणचट होती. आकडा मात्र डोक्यात राहिला,
गाण्याची ओळ राहते तसा, विनाकारण.

आणि आज ४११७.
पाठवणार : डेल्फीन वेकमन.
जमीन : सेक्शन बावीस.
लोर्नानं चष्मा पुसला, टाउनशिपचा आकडा पाहिला,
रेंजचा पाहिला.
मागचं पीक : सोयाबीन.
पाण्याचा निचरा : बरा.
ही जमीन किती वर्षं कसता?
तिथे लिहिलं होतं : यंदा दुसरं.
आणि पुढे, बारीक अक्षरात,
जणू जागा पुरेल की नाही या शंकेनं :
परत.

काळी माती. ओलसर.
एक मुळाचा तुकडा, केसाएवढा.
लोर्नानं तो चाळणीतून टाकला नाही,
तिथेच ठेवला, कशासाठी ते तिलाही ठाऊक नाही.
सामू सहा पूर्णांक चार.
स्फुरद कमी. पालाश पुरेसा.
सेंद्रिय अंश, इतकं होऊनही, चांगला.
‘इतकं होऊनही’ यंत्र छापत नाही.

नियम असा की उरलेली माती
तीस दिवसांनी मागच्या खड्ड्यात जाते,
बागकामाची पोरं तिच्यात झेंडू लावतात.
लोर्नानं उरलेली सगळी परत पाकिटात भरली,
मुळाचा तुकडाही. वर टाके मारले,
तिकीट स्वतःच्या पाकिटातून लावलं.
सोबत चिठ्ठी घालावी म्हणून कागद घेतला,
तारीख लिहिली,
‘प्रिय डेल्फीन’ लिहिलं,
मग ‘प्रिय’ खोडलं, मग कागदच ठेवून दिला.

टपालाची गाडी साडेतीनला येते.
पावणेचारला ती पुन्हा जागेवर होती.
४११८.
फोडायच्या आधीच
डुकरांचा वास.